आजीचा सोमवार शंकराचा नव्हताच!

रामबागची_नात
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय थोडा घरगुती आहे, पण जातो लांबवर.

मागच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध झालं. पुण्याची आत्या, उज्जैनचे काका, सगळे इंदूरला जमले होते. पानं उठल्यावर गच्चीत गप्पा चालल्या होत्या, त्यात आजीच्या सोमवारचा विषय निघाला. आजीनं जन्मभर सोमवार केला. पण मला लहानपणापासून एक कोडं होतं. शंकराचा सोमवार म्हणजे दिवसभर उपास आणि दिवेलागणीला देवाला नैवेद्य दाखवून सोडायचा. शेजारच्या काकू तसाच करायच्या, सगळं जग तसाच करतं. आजीचं नेमकं उलटं! सकाळी वरण, भात, पोळी, भाजी असं साग्रसंगीत जेवण, आणि रात्री चूल बंद. फार तर कपभर दूध. विचारलं की म्हणायची, "आमचा असाच असतो." मला वाटायचं कुळाचार असेल.

आत्या हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, तो शंकराचा कुठला? तो शास्त्रीजींचा!"

१९६५ मध्ये पाकिस्तानशी लढाई झाली. पाऊस नव्हता, अमेरिकेचा गहू कधी येईल आणि कधी अडेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं, सोमवारचं रात्रीचं. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहायची. आजी तेव्हा नवी सून, लग्नाला चार वर्षं झालेली. आजोबा ऑफिसातून ऐकून आले आणि घरात सोमवारची रात्र बंद झाली. पुढे टंचाई गेली, आजोबा गेले, सोमवार राहिला. नंतर सुनांनी त्याला शंकर चिकटवला, कारण सोमवार म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आपल्या ताटातलं असं काय काय आहे जे आपण 'परंपरा' म्हणून खातो (किंवा खात नाही), आणि मुळात ते कुठल्यातरी लढाईचं उरलंसुरलं आहे? तुमच्या घरातलं सांगा.

मल्हारगंज_मुक्काम
वा ताई, काय धागा काढलास!

माझ्याकडून फक्त एक शब्द: कंट्रोल. आमच्याकडे आजही कोणी रेशनचं दुकान म्हणत नाही. "कंट्रोलवर जाऊन आली का?" "कंट्रोलची साखर आली." माझी मुलगी परवा विचारत होती की कंट्रोल म्हणजे कशावर कंट्रोल. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं धान्य, कापड, साखर, रॉकेल यांच्या भावांवर नियंत्रण आणलं, तिथून हा शब्द आला. युद्ध १९४५ ला संपलं. शब्द आमच्या गल्लीत अजून पिशवी घेऊन रांगेत उभा आहे.

भिया_छप्पनवाला
मी तर ऐकलंय की आपले पोहे पण लढाईतूनच आले. गव्हाचे वांधे होते म्हणून लोक सकाळी पोहे खायला लागले. खरं आहे का भिया?

मल्हारगंज_मुक्काम
नाही भिया. पोहे होतात तांदळाचे, आणि लढाईत आधी तुटला तो तांदूळच. मग गहू नाही म्हणून पोहे खाल्ले, हे कसं जमणार? पोहे आपले दक्षिणेकडून आलेल्या मराठी घरांबरोबर आले असतील, जिलबी त्यांना इंदुरात भेटली. प्रत्येक गोष्टीला बंदूक लावू नका.

जुना_होळकर
नमस्कार. मी ८१ वर्षांचा आहे. मी बोलतो, नातू टंकतो. चुका त्याच्या.

मुलीने शास्त्रीजींचा सोमवार लिहिला तो बरोबर आहे. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, कॉलेजात. आम्हा पोरांना त्यात उपासापेक्षा उत्साह जास्त होता. खाणावळीवाला सोमवारी रात्री बंद, त्यामुळे आम्ही दुपारीच दोन वेळचं हाणायचो. हेही लिहायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळा देश तपस्वी झाला होता.

पण माझी खरी आठवण लाल गव्हाची. माळव्यातल्या माणसाला गहू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे वर्षाचा गहू छावनीच्या धान्यबाजारातून यायचा, आई दाणा दाताखाली फोडून बघायची, कडकन आवाज आला तर पोतं घरात. बाफल्याला, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना, कडक दाण्याचा कठिया गहू, पोळीला दुसरा. आणि त्या घरात एक दिवस कंट्रोलचा अमेरिकन गहू आला. तांबूस, मऊ, त्यात कसलं कसलं बी मिसळलेलं. कणीक भिजवली तर तिला तारच नाही. पोळी तव्यावर ठीक दिसायची आणि ताटात येईपर्यंत वातड व्हायची. वडिलांनी पहिला घास घेतला आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं आईला फार लागलं. नंतर ती दोन भाग कंट्रोलचा आणि एक भाग घरचा असं मिसळायला लागली. पाहुणे आले की प्रमाण उलटं.

आईच्या तोंडून त्याआधीच्या, मोठ्या लढाईच्या गोष्टी ऐकल्यात. साखर मिळेना म्हणून चहात गूळ, आणि गुळाने दूध फाटतं म्हणून दूध सगळ्यात शेवटी, चहा खाली उतरवल्यावर. आमच्या घरी मी साठीचा होईपर्यंत चहा त्याच क्रमाने होत होता, साखर घालून!

रामबागची_नात
आजोबा, "साखर घालून!" हे वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले. हेच हवं होतं. टंचाई गेली आणि तिची रीत राहिली.

शेतकी_कॉलेज_८९
चर्चा छान चालली आहे, पण थोडी शिस्त लावतो. नाहीतर सगळंच लढाईच्या खात्यात जमा होईल.

१९६५ ची लढाई सप्टेंबरमध्ये थांबली. गव्हाचं संकट मुख्यतः पावसाचं होतं, सलग दोन वर्षं दुष्काळ. १९६४-६५ मध्ये देशात गहू झाला १ कोटी २३ लाख टन, पुढच्या वर्षी १ कोटी ४ लाख. १९६६ मध्ये आपण बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणलं, बरंचसं अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदतीच्या योजनेतून. तो करार १९५६ पासून होता. लढाईने काय केलं, तर त्या गव्हाची दोरी कोणाच्या हातात आहे हे दाखवून दिलं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनसाहेब जहाजं एकदम सोडत नव्हते, थोडा थोडा माल सोडायचे. शास्त्रींचा सोमवार म्हणजे धान्य वाचवण्याचा हिशेब कमी आणि ती दोरी लोकांना दाखवणं जास्त, असं माझं मत. १० जनपथ या आपल्या दिल्लीच्या बंगल्याच्या हिरवळीवर शास्त्रींनी नांगर चालवला तोही त्यासाठीच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सी. सुब्रमण्यम अन्नमंत्री, १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं, आणि १९६७-६८ ला १ कोटी ६५ लाख टन गहू. यातली एक गोष्ट मात्र होळकर आजोबांच्या आईशी जोडलेली आहे. ते मेक्सिकन वाण उतारा द्यायचे, पण दाणा लाल. बाजारात भाव पडायचा, कारण गिऱ्हाईक लाल गहू म्हटलं की कंट्रोलचा गहू समजायचं. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी लगेच पिवळसर दाण्याचे वाण निवडून काढले, कल्याण सोना आणि सोनालिका. म्हणजे दाताखाली दाणा फोडणाऱ्या बायकांनी हरितक्रांतीचा रंग बदलून घेतला.

आणि आता कडू भाग. माळवा गव्हाचा म्हणतो आपण, पण गरिबाच्या घरी रोज गहू नव्हता. ज्वारी आणि मका. गहू सणाला. कंट्रोलवर स्वस्त गहू आला, मग भरघोस गव्हाचे वाण आले, मग १९७० नंतर खरिपात सोयाबीन आलं आणि ज्वारीची जमीनच गेली. आज इंदूरमध्ये सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि ज्वारीची भाकरी हॉटेलात 'आरोग्यदायी थाळी' म्हणून मिळते.

मल्हारगंज_मुक्काम
पण सर, सोयाबीनला लढाई कुठून चिकटवली? आत्ताच तर शिस्त लावत होतात!

शेतकी_कॉलेज_८९
हाहा, पकडलंत. थेट नाही. पण 'परत कोणाच्या जहाजाची वाट बघायची नाही' ही भीती १९६५ ची. त्या भीतीपोटी सरकारनं ज्या दोन पिकांना हमीभाव, खरेदी आणि गोदाम दिलं ती होती गहू आणि तांदूळ. अन्न महामंडळ १९६५ चंच. ज्वारीच्या मागे कोणी उभं राहिलं नाही. शेतकऱ्याने मग सोयाबीनचा नगद पैसा बघितला तर त्याचं काय चुकलं?

सियागंजवाली
माझं माहेर किराण्याचं, सासर उपासाचं. त्यामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे. 😄

तुम्ही सगळे गव्हात अडकलात. उपासाच्या ताटात बघा ना! आपला सगळ्यात सोवळा पदार्थ कोणता? साबुदाण्याची खिचडी. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता वाफेवरची, वरून फरियाली म्हणजे उपासाचं मिक्स्चर, लिंबू, मसाला. तो साबुदाणा लढाईचं लेकरू आहे.

खरा सागो होतो एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून, मलाया आणि इंडोनेशियाकडे. पूर्वी साबुदाणा जहाजाने तिकडून यायचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हातात गेलं आणि जहाजं बंद. त्याच सुमाराला मक्याचं विलायती पीठ आणि स्टार्चही मिळेना. तामिळनाडूतल्या सेलमचे माणिकम चेट्टियार नावाचे एक व्यापारी, मूळ धंदा मासळीचा, केरळात येणंजाणं. तिकडे टॅपिओका म्हणजे कसाव्याचं कंद भरपूर. त्यांनी त्याचं पीठ पर्याय म्हणून विकायला सुरुवात केली आणि मलायातल्या कामाची माहिती असलेल्या पोपटलाल शहांच्या साथीनं १९४३ च्या सुमाराला साबुदाणा करून बघितला. कंद सोलायचे, दळायचे, दूध गाळून खाली बसलेली खळ घ्यायची, ती ओलसर असताना कापडाच्या झोळीत हलवत राहायची की गोळ्या बांधतात. मग तव्यावर हलक्या आचेवर भाजून वाळवायच्या. युद्ध संपल्यावर बाहेरचा माल परत येऊ लागला तेव्हा या लोकांना बराच झगडा द्यावा लागला. पण टिकले. आज आपल्या एकादशीचा साबुदाणा बहुतेक सगळा सेलमकडचा.

आता गंमत बघा. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, बटाटाही तिकडचा, हिरवी मिरची मेक्सिकोकडची. उपासाला चालतात. आणि इथलीच तूर चालत नाही!

आणि तोच कंद केरळात काय झाला? त्रावणकोर ब्रह्मदेशाच्या तांदळावर जगायचं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि तांदूळ थांबला. लोकांनी कप्पा म्हणजे हाच कंद उकडून खाल्ला. तिकडे ते गरिबाचं पोट, इकडे आपलं सोवळं. एकच खळ.

रामबागची_नात
ताई, मी स्तब्ध. आजी रात्री जेवायची नाही पण चतुर्थीला खिचडी हवीच असायची. म्हणजे तिचे दोन्ही उपास लढाईचे, एक १९४२ चा आणि एक १९६५ चा!

भिया_छप्पनवाला
पोहे हरले, खिचडी जिंकली. चला, हे पण इंदूरचंच आहे.

जुना_होळकर
साबुदाण्याची माहिती नवीन. मात्र एक विसरू नका. तुमचं खिचडीचं कौतुक चालू आहे, त्याच ब्रह्मदेशच्या तांदळाच्या दुसऱ्या टोकाला १९४३ चा बंगाल आहे. तीस लाखांच्या आसपास माणसं गेली. तिथे फक्त जहाजं बंद झाली म्हणून नव्हे. साठेबाजी, लष्करासाठी उचललेलं धान्य, काढून घेतलेल्या होड्या, सरकारची बेपर्वाई, सगळं होतं. मुंबईत त्याच वर्षी मे महिन्यात रेशन सुरू झालं आणि मुंबई वाचली. शहराला कार्ड मिळालं, खेड्याला काही नाही.

बर्मिंगहॅमचा_राजवाडा
मी मूळचा इंदूरच्या लोकमान्य नगरचा, वीस वर्षं इकडे इंग्लंडात. इंग्रजांच्या लढाईच्या आठवणी इथल्या म्हाताऱ्यांकडून रोज ऐकतो, म्हणून थोडी भर.

इथे रेशन सुरू झालं जानेवारी १९४० ला आणि संपलं ४ जुलै १९५४ ला. म्हणजे लढाई सहा वर्षं आणि रेशन चौदा! माणशी आठवड्याला चहाची पत्ती २ औंस, म्हणजे सत्तावन ग्रॅम. माझी आई ऐकून म्हणाली, "एवढ्यात तर आपला रविवार होतो." सगळ्यात चमत्कारिक म्हणजे पाव. लढाई चालू असताना पावावर रेशन नव्हतं, ते आलं जिंकल्यावर, जुलै १९४६ ते जुलै १९४८. जिंकलेल्या देशात पावाचं कार्ड! आपल्याकडेही बघा, धान्यावरची नियंत्रणं १९५४ मध्येच, किडवई अन्नमंत्री असताना उठली. आणि ज्या पीएल-४८० ने पुढे आपल्याला बांधलं, तो अमेरिकन कायदाही जुलै १९५४ चाच.

पण मला सांगायचंय ते चीजबद्दल, कारण शेतकी सरांच्या ज्वारीची आठवण झाली. इथे गावोगाव शेतावर आपापलं चीज करायचे, शेकडो प्रकार. युद्धात सरकारनं ठरवलं की दुधाचं एकाच धाटणीचं, टिकणारं, वाटायला सोपं कडक चीज करायचं. त्याला 'सरकारी चेडर' म्हणत. चौदा वर्षांत लोकांना तीच चव लागली आणि शेतावर चीज करणारे जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे रेशननं पोट भरलं यात वाद नाही. गरिबाची मुलं तर आधीपेक्षा बरं खाऊ लागली. पण ज्याला कार्डावर रकाना नाही ते अन्न मरतं.

शेतकी_कॉलेज_८९
"कार्डावर रकाना नाही ते अन्न मरतं." मी इतकं लांबण लावून जे सांगत होतो ते तुम्ही एका ओळीत लिहिलंत. धन्यवाद आणि थोडा राग.

ओसाकाहून_परत
तीन वर्षं कंपनीनं जपानला ठेवलं होतं, तिथलं एक सांगतो आणि पळतो. हरल्यानंतर जपानमध्ये भाताचे हाल होते, अमेरिकन गहू येत होता आणि सरकार शाळेतल्या पोरांना पाव आणि भुकटीचं दूध देत होतं. मोमोफुकू अँडो नावाच्या गृहस्थांना प्रश्न पडला की गहूच खायचा तर पाव का, आपल्या शेवया का नाहीत? ओसाकाजवळ घरामागच्या खोपट्यात खटपट करून त्यांनी १९५८ मध्ये तळून वाळवलेल्या शेवयांचं पाकीट काढलं. किंमत ३५ येन, जेव्हा दुकानात उडॉनचा, म्हणजे जाड जपानी शेवयांचा, ताजा गोळा सहा येनला मिळायचा. म्हणजे आज गरिबाचं वाटणारं पाकीट तेव्हा चैनीचं होतं. आपल्याकडे मॅगीच्या शेवया आल्या १९८३ ला. तर ज्या घरात पोरं "दोन मिनिटं" ओरडतात, तिथेही एक हरलेली लढाई शिजत असते.

भिया_छप्पनवाला
आमच्या दुकानात मॅगीत शेव पण घालतात. जपान्यांना सांगू नका.

पुण्यातली_इंदूरकर
मला गेस्ट कंट्रोल आठवतं, म्हणजे पंगतीला किती पाहुणे यावर सरकारी मर्यादा. आमच्या मामाच्या लग्नात, साठच्या दशकाच्या शेवटी, जेवणाच्या पंगतीला माणसं मोजून. बाकीच्यांना संध्याकाळी 'स्वागत समारंभ', म्हणजे आइस्क्रीम आणि वेफर्स, कारण त्यात धान्य नाही! आई म्हणायची की आधी लोकांना लाज वाटायची, लग्नाला बोलावून आइस्क्रीमवर बोळवण. दहा वर्षांत तीच फॅशन झाली. बंगालमध्ये तर १९६५ ला छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली होती, दूध वाचावं म्हणून. रसगुल्ला बेकायदा! इंदुरात रबडी बंद केली असती तर काय झालं असतं, विचार करा.

आणि डालडा कोणीच कसा नाही आणला? आला १९३७ ला, पण लढाईत तूप महाग आणि भेसळीचं झालं तेव्हा घरात घुसला. आमच्याकडे तूप वाढण्यासाठी वेगळी वाटी आणि 'ते' तळण्यासाठी वेगळा पिवळा डबा होता. रिकामा झाला की त्यात तुळस. तूप संपलं तरी पाहुण्याला कळू द्यायचं नाही, हा सगळ्या बायकांचा गुप्त ठराव.

जुना_होळकर
आमच्या तुळशीचा डबा अजून आहे. तुळस चौथी.

रामबागची_नात
आज आत्याला परत फोन केला. तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. विचारलं, की बाकीच्यांनी सोमवार एकदोन वर्षांत सोडला, आजीनं का नाही? शास्त्रीजी जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला गेले आणि तिथेच वारले. गहू पुढे भरपूर झाला.

आत्या म्हणाली की हेच तिनंही एकदा आजीला विचारलं होतं. आजी तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "सुरू करा म्हणून सांगितलं होतं. आता पुरे म्हणायला ते परत आलेच नाहीत."

तिच्या कपाटात जुनं रेशनकार्ड सापडलंय, घडीवर फाटलेलं. गहू, तांदूळ, साखर, रॉकेल असे रकाने आहेत. ज्वारीचा नाही. शेतकी सर, तुमच्यासाठी मुद्दाम बघितलं.

सियागंजवाली
कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेव. आणि चतुर्थीला खिचडी करशील तर साबुदाणा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नकोस, आजकालच्या मुली तेच करतात आणि गोळा होतो. धुवायचा, बोटाच्या एका पेराइतकं पाणी ठेवायचं आणि झाकायचं. चार-पाच तास पुरतात.